पाचवी खुर्ची

आपला नगरसेवक कसा असावा, असं कुणालाही विचारून बघा. दहातले नऊ जण सांगतील, "अडीअडचणीला धावून येणारा असावा." दहावा सांगेल, "आमच्या भाऊंसारखा असावा." पेंटर हा दहावा माणूस होता.

पेंटरचं कागदोपत्री काय नाव असेल ते असो, सगळा वॉर्ड त्याला पेंटरच म्हणे. छापील बॅनरांनी त्याच्या धंद्यातल्या बहुतेकांना घरी बसवलं होतं. हा मात्र टिकून होता, कारण भिंतीवरचं अक्षर त्याच्याइतकं सुबक दुसऱ्या कुणाला जमत नसे. प्रसूतिगृहाच्या कुंपणाची लांबलचक भिंत म्हणजे त्याचं सगळ्यात लाडकं काम. दोन-दोन फुटी लाल अक्षरांत, मागं काळी सावली देऊन, त्यानं लिहिलं होतं : 'हाकेला धावणारा आपला माणूस'. खाली भाऊंचं नाव. ओळही त्याचीच आणि अक्षरही त्याचंच. येता-जाता सायकल थांबवून तो एकदा तरी त्या भिंतीकडे बघून घ्यायचा.

भाऊ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक आणि शहराच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष. भाऊ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दमदाटी नाही, खाबूगिरी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी अंघोळ करून बाहेर पडायचे ते दिवसभरात कुठं लग्न, कुठं मयत, कुठं दुकानाचं उद्घाटन अशा चार-पाच ठिकाणी हजेरी लावूनच घरी परतायचे. गेल्या वर्षी पेंटरची आई गेली, तेव्हा सख्खे नातेवाईक पोहोचायच्या आधी भाऊ दारात हजर! तीन तास बसले. मधेच त्यांना कसलासा फोन आला आणि ते उठायला लागले, तेव्हा पेंटरनं त्यांचा हात घट्ट धरला. "भाऊ, आज तरी जाऊ नका." आणि भाऊ थांबले. फोन बंद करून खिशात टाकला आणि शेवटपर्यंत थांबले. ही गोष्ट पेंटरनं वर्षभरात शंभर जणांना तरी सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे भरून यायचे.

अशा या पेंटरची एकुलती एक लेक, चिमी, बाळंतपणासाठी आईकडे आली होती. जावई दूरच्या कारखान्यात नोकरीला; महिनाअखेर रजा काढून येणार होता. आठवा महिना लागला आणि ती तपासून घ्यायला गेली, तेव्हा प्रसूतिगृहातल्या सिस्टरनं पेंटरला आणि त्याच्या बायकोला बाजूला घेतलं.

"वार खाली सरकलीय. रक्तस्राव सुरू झाला तर ताबडतोब सिझर करावं लागेल. आणि आमच्याकडे भूल द्यायला डॉक्टर नाहीत. दीड वर्षापासून जागा रिकामी आहे. तुम्ही आजच मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला, आणि शेवटचा महिनाभर तिकडेच जवळपास कुठंतरी राहा."

मोठं हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडं. वाहनांची गर्दी असली की दीड तासाचा रस्ता. बाहेर आल्या-आल्या बायको म्हणाली, "अहो, माझ्या मावसबहिणीची खोली आहे तिकडं. उद्याच जाऊ या का?"

"कशाला?" पेंटर म्हणाला. "भाऊ आरोग्य समितीचे अध्यक्ष आहेत. डॉक्टर इथं आणतो की नाही बघ."

त्याच संध्याकाळी तो भाऊंकडे गेला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि त्याच्यादेखत कुठल्याशा अधिकाऱ्याला फोन लावला. "मला डॉक्टर पाहिजे म्हणजे पाहिजे! आमच्या पेंटरची मुलगी आहे, म्हणजे माझीच मुलगी आहे. पंधरा दिवसांत माणूस दिसला पाहिजे तिथं!" फोन ठेवून त्यांनी पेंटरच्या पाठीवर हात ठेवला. "काळजी करू नकोस. शब्द दिला."

पेंटर तरंगतच घरी आला. ओट्यावर शेजारच्या क्लार्कबाई मेथी निवडत बसल्या होत्या. या बाई चार महिन्यांपूर्वीच नगरपरिषदेतून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी समित्यांच्या सभांचं इतिवृत्त लिहिलं होतं. कोण आलं, कोण काय बोललं, काय ठरलं, सगळं त्यांच्या हातचं. स्वभावानं तोंडाळ, पण खोटं एक अक्षर बोलायच्या नाहीत.

पेंटरनं फोनची हकिकत रंगवून सांगितली. बाईंनी मान वर केली नाही.

"फोनवर डॉक्टर येत नसतो, पेंटर. जागा भरायची तर समितीचा ठराव लागतो. ठरावाला सभा लागते. नऊ सदस्य आहेत, त्यातले पाच हजर असल्याशिवाय सभा होत नाही."

"मग घेतील की सभा."

"दर तीन महिन्यांनी ठरलेली असते. पुढची दीड महिन्यानं आहे, बुधवारी अकरा वाजता. भाऊंना एवढंच सांग, की त्या दिवशी तिथं येऊन बसा. दुसरं काही मागू नकोस."

पेंटर हसला. "बाई, तुमचं आपलं सगळं कागदावर! आमचा माणूस माणसांत असतो."

"तेच तर दुखणं आहे," बाई पुटपुटल्या. पण पेंटर तोवर घरात शिरला होता.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, डॉक्टर काही आला नाही. पेंटरची बायको रोज टुमणं लावायची, "अहो, मावसबहिणीकडे जाऊ या ना." पेंटर म्हणायचा, "आपण गेलो तर भाऊंच्या शब्दावर विश्वास नाही असं होईल. चार दिवस थांब." असे चार दिवस करता करता दीड महिना सरला.

एका मंगळवारी दुपारी, जेवणं उरकली होती, चिमी धुतलेले कपडे घडी घालत होती. ती "आई!" असं एकदाच ओरडली. बायको धावली तर फरशी लाल झालेली.

प्रसूतिगृह हाकेच्या अंतरावर होतं. पाच मिनिटांत तिला नेलं. ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, वरचा मोठा दिवा होता, बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईसुद्धा हातमोजे चढवून उभ्या होत्या. फक्त भूल देणारं कुणी नव्हतं. सिस्टरनं पेंटरकडे एकदाच बघितलं. मग ती रुग्णवाहिका बोलवायला धावली.

रुग्णवाहिका फाटकातून बाहेर पडली ती त्याच लांबलचक भिंतीला लागून. चिमीचं डोकं पेंटरच्या मांडीवर होतं. खिडकीतून एकामागून एक त्याची स्वतःचीच लाल अक्षरं सरकत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती वाचावीशी वाटली नाहीत.

"बाबा, पोहोचलो का?" चिमीनं पुलावर विचारलं.

"आलंच, बाळा. आलंच."

पुलावर गाड्या खोळंबलेल्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत पावणेदोन तास झाले. तिथं सगळं होतं. डॉक्टर होते, भूल होती, रक्तसुद्धा होतं. बाळ वाचलं, मुलगी झाली. चिमी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीला घरी आणलं. जावई पहाटेच्या गाडीनं आला होता. तो भिंतीला टेकून बसला होता. बायको आत बायकांच्या घोळक्यात होती. पेंटर ओट्यावर एकटाच बसला होता. क्लार्कबाई येऊन त्याच्या शेजारी बसल्या.

"बाई," पेंटर म्हणाला, "तो डॉक्टर का नाही आला?"

"आज नको, पेंटर."

"आजच सांगा. उद्या ऐकायचं माझ्यात बळ राहणार नाही."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "जागा रिकामी झाल्यापासून पाच वेळा तो विषय सभेपुढं आला. पाचही वेळा सभाच झाली नाही. चार वेळचं मी माझ्या हातानं लिहिलंय, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' म्हणजे पाच माणसं भरली नाहीत. चार जण यायचे. ते नेहमीचे चार, बिचारे अर्धा तास वाट बघायचे. बाकीचे चार कुठल्याच सभेला येत नाहीत, त्यांचं सोडून दे. पाचवी खुर्ची अध्यक्षांची. ती रिकामी."

"भाऊंची?"

"एकदा कुणाच्या तरी मुलाचं लग्न. एकदा दुकानाचं उद्घाटन. सात वर्षांत मोठ्या सभागृहात भाऊ दोनदा बोलले, पेंटर. दोन्ही वेळा कुणीतरी वारलं होतं म्हणून. माणूस मायाळू आहे. पण माया वेगळी आणि काम वेगळं. वाहन चालवणारा ठेवताना आपण त्याला गाडी चालवता येते का ते बघतो. शहर चालवायला देताना मात्र तो आपल्या दारात किती वेळा आला ते मोजतो!"

पेंटर एकटक समोर बघत होता. मग हळूच म्हणाला, "आणि उरलेल्या वेळा? पाचातल्या?"

बाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"बाई?"

"दोनदा कारण कळलं नाही. आणि एकदा... गेल्या वर्षी. दुसरी सभा होती ती. चार जण येऊन बसले होते. मीच फोन केला भाऊंना, की लवकर या, तुमच्यावाचून अडलंय. ते म्हणाले, निघतोच. आणि मग फोन बंद झाला. नंतर कळलं, ते तुझ्याकडे होते. तुझ्या आईच्या वेळी."

पेंटरनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. याच हातानं धरलं होतं. याच हातानं! त्या दिवशी त्यानं तो हात सोडला असता, तर वर्षभरापूर्वी ठराव झाला असता, वर्षभरापूर्वी डॉक्टर आला असता, आणि काल दुपारी त्या खोलीत सगळे जण असते. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून आतल्या बायकांचं रडणं क्षणभर थांबलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना आपण हे बोललो याचं वाईट वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझंही चुकलंच, पेंटर. एकतीस वर्षं मी नुसतं लिहीत राहिले. ओरडले कुठं?"

दहा वाजता भाऊ आले. नेहमीप्रमाणे पांढऱ्या कपड्यांत, पायी. त्यांनी पेंटरला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पेंटरलाही ते कळत होतं, आणि म्हणूनच त्याला कुठं बघावं ते सुचेना. भाऊ जमिनीवर मांडी घालून बसले. दारातली माणसं एकमेकांत कुजबुजली, "बघा, याला म्हणतात आपला माणूस."

पेंटरनं आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वादहा.

"भाऊ, आज वार कुठला?"

"बुधवार. का रे?"

"अकरा वाजता आरोग्य समितीची मीटिंग आहे."

भाऊंनी हात झटकला. "अरे, मीटिंग कसली घेऊन बसलास! मीटिंगा काय होतच असतात. आज मी इथून हलणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पेंटर उठून उभा राहिला.

"उठा, भाऊ."

"काय?"

"उठा! माझी आई गेली तेव्हा याच हातानं तुम्हाला धरून बसवलं होतं मी. त्या दिवशी तुमची मीटिंग होती. तुम्ही थांबलात आणि मी जगभर मिरवत राहिलो, की भाऊ आमच्यासाठी थांबले! त्या थांबण्यात माझी चिमी गेली, भाऊ!"

"पेंटर, शुद्धीवर ये," कुणीतरी त्याचा दंड धरला. त्यानं तो झिडकारला.

"शुद्धीवर आत्ताच आलोय! भाऊ, तिला खांदा द्यायला माझ्याकडे माणसं आहेत. ही बघा, दार भरून उभी आहेत. तुमच्या त्या खुर्चीत बसायला मात्र तुमच्याशिवाय कुणी नाही. आणि ही इथली गर्दी बघा, यातल्या निम्म्या घरांत लेकी-सुना आहेत. जा! तिकडे जाऊन बसा!"

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. घेतलीही असती. पण तेवढ्यात आतून पेंटरची बायको बाहेर आली. तिच्या हातात कालच जन्मलेलं ते गाठोडं होतं. ती बाजूला सरकली आणि तिनं भाऊंना जायला वाट करून दिली.

भाऊ गेले.

चिमीला निरोप देऊन माणसं परत आली तेव्हा दुपार कलली होती. क्लार्कबाई ओट्यावर वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीचा फोन येऊन गेला होता.

"ठराव झाला, पेंटर."

पेंटरनं मान हलवली.

"सात मिनिटं लागली," बाई म्हणाल्या.

"किती?"

"सात."

दीड वर्ष जे अडलं होतं ते सात मिनिटांत झालं! बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. पेंटर पायरीवर बसला आणि त्या दिवसात पहिल्यांदा, लहान पोरासारखा रडला.

चौथ्या दिवशी तो चुन्याची बादली आणि रुंद ब्रश घेऊन प्रसूतिगृहाच्या भिंतीपाशी गेला. 'हाकेला धावणारा' झाकायला दोन हात लागले, कारण रंग पक्का होता, स्वतःच मन लावून दिलेला. चुना वाळल्यावर त्यानं साध्या काळ्या रंगात, सावली न देता, सहा तारखा लिहिल्या. प्रत्येक तारखेसमोर सभेत किती जण आले ते. चार, चार, चार, चार, चार, पाच. आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'पुढची सभा तीन महिन्यांनी, बुधवारी अकरा वाजता. आपला माणूस खुर्चीत आहे का, ते बघायला आपण जाऊ.'

भाऊंचे कार्यकर्ते येऊन दमात घेऊन गेले. "भाऊंनी तुझ्या आईला खांदा दिला, लेकीला द्यायला आले, आणि तू असले पांग फेडतोस?" निवडणुकीची सगळी कामं त्याच्या हातून गेली. खुद्द भाऊ एकदा येऊन भिंतीसमोर उभे राहिले. बराच वेळ त्या तारखा वाचत होते. "मला वाटायचं पेंटर, माणसं सांभाळली की सगळं आलं," एवढंच म्हणाले. पेंटर शिडीवरून उतरला नाही.

पुढच्या सभेला पेंटर, क्लार्कबाई आणि कडेवर नातीला घेतलेली बायको अशी तिघं जाऊन मागच्या बाकावर बसली. त्यापुढच्या सभेला अकरा जण. त्यानंतर चाळीस, आणि शिपायाला बाहेरून बाकं आणावी लागली. सभेतला प्रत्येक सदस्य आता आधी मागच्या बाकांकडे बघायचा आणि मग बोलायचा. समोरचा कागद वाचलेला नसेल तर ते लगेच उघडं पडायचं, कारण क्लार्कबाईंनी तो मागं बसलेल्यांना आदल्या दिवशीच समजावून दिलेला असायचा. वर्षभर पाठपुरावा केल्यावर नगरपरिषदेनं नियम केला, की लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहील त्याची समितीवरची जागा जाईल, आणि प्रत्येकाची हजेरी दाराबाहेर लागेल.

निवडणुकीत भाऊच निवडून आले. थोडक्या मतांनी, पण आले. जगात एका भिंतीनं माणसं बदलत नाहीत. मात्र या खेपेला ते प्रत्येक सभेला वेळेवर असतात, हातात खुणा केलेले कागद असतात आणि अडलं तर विचारतात. ते हुशार झाले असं नाही. आपण बघतोय, हे त्यांना कळलंय.

मंडळी, चांगलं सरकार म्हणजे चांगली माणसं, असं आपण समजत आलो. चांगुलपणा हवाच; पण ज्याच्या हातात कारभार द्यायचा त्याला कारभार येतो का, तो करतो का, हे विचारणं आपलं काम आहे. ते आपण केलं नाही तर मायाळू माणसंसुद्धा आपले बळी घेतात, आणि त्यांना तसं करायला आपणच हात धरून बसवलेलं असतं!

ठरावानंतर पाचव्या महिन्यात भूल देणारी डॉक्टर आली. तिच्या दारावरची पाटी पेंटरनं रंगवली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, पण तो ते बघत उभा राहिला नाही.

परवा गल्लीत एक म्हातारे गृहस्थ वारले. भाऊ सकाळी-सकाळी भेटायला आले, हात जोडून दारात उभे राहिले. गेलेल्याची बायको, सत्तरीची बाई, डोळे पुसत बाहेर आली. तिनं भाऊंना बसा म्हटलं नाही.

"आज मीटिंग नाही ना, भाऊ?" तिनं विचारलं.